एल पासोचे मचूळ पाणी: गोड्या विहिरी राखण्यासाठी उभारलेला प्रकल्प

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या पश्चिम टोकाला, मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेले एल पासो हे शहर चिवावा वाळवंटात वसलेले आहे. तेथे वर्षाकाठी सरासरी जेमतेम २२५ मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडील माण-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातही याहून बराच अधिक पाऊस होतो. शहराची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ६.८ लाख आहे, आणि रिओ ग्रांदे नदीच्या पलीकडच्या तीरावर त्याच्या दुपटीहून मोठे मेक्सिकन शहर, सियुदाद हुआरेझ, उभे आहे. अशा ठिकाणी ऑगस्ट २००७ मध्ये जमिनीखालच्या मचूळ पाण्यातील क्षार काढून ते शहराला पुरवणारा एक मोठा प्रकल्प सुरू झाला. के बेली हचिसन या टेक्सासच्या तत्कालीन सिनेटरांचे नाव त्याला देण्यात आले. समुद्रापासून दूर, देशाच्या अंतर्भागात उभारलेल्या अशा प्रकल्पांमध्ये तो जगात सर्वांत मोठा गणला गेला, आणि त्याची ओळख सहसा तेवढ्यावरच संपते. या प्रकल्पापासून शिकण्यासारखे जे आहे ते मात्र त्याच्या आकारात नाही. विहिरी कोठे घेतल्या आणि वेगळे काढलेले मीठ कोठे नेऊन ठेवले, या दोन निर्णयांमध्ये ते आहे, आणि प्रस्तुत लेखात मुख्यतः त्याच दोन निर्णयांचा विचार केला आहे.

शहराची तहान आणि दोन जलधर

एल पासोला तीन ठिकाणांहून पाणी मिळते. रिओ ग्रांदे नदी हा पहिला स्रोत. तिचे पाणी वर न्यू मेक्सिको राज्यात, १९१६ मध्ये पूर्ण झालेल्या एलिफंट ब्यूट धरणात साठते आणि सिंचनाच्या हंगामात खाली सोडले जाते. म्हणजे शहराला ते बारमाही मिळत नाही आणि दुष्काळात त्याची शाश्वती नसते. दुसरा स्रोत शहराच्या पश्चिमेकडील मेसिया बोल्सन हा जलधर, म्हणजे जमिनीखालचा पाणी धरून ठेवणारा थर, आणि तिसरा फ्रँकलिन पर्वताच्या पूर्वेचा हुएको बोल्सन. बोल्सन म्हणजे डोंगरांनी वेढलेले, लाखो वर्षांच्या गाळाने भरलेले खोलगट खोरे. विसाव्या शतकाचा बराच काळ हे शहर प्रामुख्याने हुएकोच्या विहिरींवर जगले.

हुएकोमधील गोडे पाणी सर्वत्र सारखे पसरलेले नाही. फ्रँकलिन पर्वताच्या पायथ्याशी, जेथे डोंगरावरून उतरणारे पाणी जमिनीत मुरते, तेथे गोड्या पाण्याचा थर जाड आहे आणि पूर्वेकडे जाताना तो पाचरीसारखा निमुळता होत जातो. या पाचरीच्या खाली आणि पूर्वेला मचूळ पाणी आहे, आणि त्याचा साठा गोड्या पाण्याच्या कितीतरी पट मोठा आहे. ज्या गाळातून ते पाणी अतिशय संथपणे झिरपत आले, त्यात प्राचीन सरोवरे आटून राहिलेले क्षार मिसळलेले असल्याने ते मचूळ झाले.

गोडे पाणी उपसले जाऊ लागले तशी पातळी खाली गेली. शहराच्या काही भागांत ही घट ४५ मीटरपर्यंत पोहोचली. १९७९ च्या सरकारी अभ्यासात असा अंदाज मांडला गेला की, उपसा असाच चालू राहिला तर २०३० च्या आसपास हुएकोमधील गोडे पाणी संपेल. त्या अंदाजाने शहराचे धोरण हलवले, हे नोंदवले पाहिजे. १९८५ मध्ये सांडपाण्यावर पिण्यायोग्य दर्जापर्यंत प्रक्रिया करून ते पुन्हा हुएकोत मुरवणारे केंद्र सुरू झाले, १९९१ मध्ये पाणी बचतीचा स्थानिक कायदा झाला, १९९३ मध्ये नदीचे पाणी शुद्ध करणारे दुसरे मोठे केंद्र उभे राहिले. हुएकोमधील शहराचा उपसा १९८९ च्या सुमारास शिखरावर होता. त्यानंतरच्या दशकभरात तो जवळपास निम्म्यावर आणण्यात आला. दरडोई वापरही दिवसाला सुमारे ७५० लिटरांवरून हळूहळू ५०० लिटरांच्या खाली आला. यात व्यापारी आणि संस्थात्मक वापरही मोजलेला आहे, तरीही आपल्याकडील दरडोई १३५ लिटरांच्या मानकाशी तो ताडून पाहिला, तर बचतीनंतरही हे शहर किती पाणी वापरते ते लक्षात येते. मचूळ पाण्याकडे वळण्याआधी मागणी कमी करण्याचे काम झाले होते, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

मचूळ पाणी गोड्या विहिरींकडे सरकते तेव्हा

पाणी किती उरले आहे, एवढाच प्रश्न असता तर उपसा कमी करून तो बराचसा सुटला असता. खरी अडचण वेगळी होती. गोड्या पाण्याच्या विहिरींभोवती पातळी खोल गेली की जमिनीखालच्या पाण्याचा उतार उलटतो आणि ते खोलगट भागाकडे वाहू लागते. पूर्वेकडचे मचूळ पाणी अशा रीतीने शहराच्या विहिरींकडे ओढले जाऊ लागले. विमानतळाच्या परिसरातील अनेक विहिरींमध्ये क्लोराइडचे प्रमाण वाढत गेले आणि एकेक विहीर बंद ठेवावी लागली. टेक्सासमध्ये पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे क्लोराइड ३०० मिलिग्रॅमपर्यंत आणि एकूण विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, १,००० मिलिग्रॅमपर्यंत ठेवणे अपेक्षित असते. या मर्यादेबाहेर गेलेल्या विहिरीचे पाणी निरुपयोगी ठरते. आणि तिच्या पुढची विहीर आज गोडी असली तरी मचूळ पाण्याची वाटचाल तिच्याच दिशेने चालू असते.

येथे शहराच्या जलतज्ज्ञांनी जो विचार केला तो या संपूर्ण प्रकरणाचा गाभा आहे. बिघडलेल्या विहिरी सोडून देण्याऐवजी त्यांच्यातूनच मचूळ पाणी उपसत राहिले, तर त्या ठिकाणी पाण्याची पातळी खाली राहते, आणि पूर्वेकडून येणारे मचूळ पाणी तेथेच अडते. पुढच्या गोड्या विहिरींपर्यंत ते पोहोचत नाही. उपसलेले मचूळ पाणी अर्थातच वाया घालवायचे नसते, त्यातील क्षार काढून ते पुरवठ्यात घ्यायचे असते. म्हणजे एकाच उपशातून दोन कामे होतात: शहराला पाणी मिळते आणि गोड्या पाण्याभोवती एक संरक्षक फळी उभी राहते. केवळ सर्वांत कमी क्षार असलेले किंवा सर्वांत स्वस्तात मिळणारे मचूळ पाणी शोधायचे असते, तर विहिरींची जागा कदाचित वेगळी निवडली गेली असती. भूजलाची गणिती प्रतिमाने बनवून, कोठे किती उपसा केल्यास मचूळ पाण्याची वाट कशी बदलेल हे आधी तपासले गेले, आणि विहिरींच्या जागा त्यावरून ठरल्या. या अभ्यासाला जो वेळ आणि पैसा लागला, तो यंत्रांवरील खर्चाइतकाच आवश्यक होता, असे माझे ठाम मत आहे.

लष्कराशी भागीदारी

शहराच्या ईशान्येला फोर्ट ब्लिस ही अमेरिकी लष्कराची विस्तीर्ण छावणी आहे. तिच्या स्वतःच्या विहिरीही हुएकोमधूनच पाणी उपसत असत, त्यामुळे मचूळ पाण्याचा धोका दोघांना सारखाच होता. सुरुवातीला शहर आणि छावणी आपापले स्वतंत्र प्रकल्प आखत होते. नंतर ते एकत्र करण्यात आले. जमीन लष्कराने दिली, बांधकाम आणि चालवण्याची जबाबदारी शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने घेतली, सुमारे ९ कोटी डॉलरच्या खर्चात केंद्र सरकारच्या निधीचाही वाटा होता. लष्कराची जमीन असल्याने पर्यावरणीय परिणामांचा सविस्तर अभ्यास कायद्याने करावा लागला. त्याच काळात, २००५ मध्ये, अमेरिकेतील लष्करी तळ बंद करण्याचा किंवा वाढवण्याचा आढावा चालू होता आणि फोर्ट ब्लिसचा मोठा विस्तार मंजूर झाला. पाण्याची हमी नसलेल्या तळाला असा विस्तार मिळणे कठीण गेले असते.

पाणी कसे गोडे होते

प्रकल्पाची उभारणीवेळची एकूण क्षमता दिवसाला १०.४ कोटी लिटर होती. हे सर्व पाणी आरओच्या, म्हणजे दाब देऊन पाणी पुढे जाऊ देणाऱ्या आणि क्षार मागे ठेवणाऱ्या, पडद्यांतून जात नाही. सुमारे ७ कोटी लिटर मचूळ पाणी आरओला दिले जाते आणि त्यातून सुमारे ५.९ कोटी लिटर जवळजवळ क्षारमुक्त पाणी मिळते. यात साधारण ४.५ कोटी लिटर सौम्य मचूळ पाणी, प्रक्रिया न करता, वेगळ्या विहिरींमधून आणून मिसळले जाते. मिश्रणाचा टीडीएस मानकात बसतो, पाण्याला चव राहते, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक लिटर पडद्यातून दाबून काढण्याची ऊर्जा वाचते. आरओतून निघालेले निव्वळ पाणी तसेही नळांना थेट सोडता येत नाही. त्यात क्षार इतके कमी असतात की ते जलवाहिन्यांचा धातू आणि सिमेंट खाऊ लागते. त्यामुळे मिश्रणाने दोन्ही अडचणी दूर होतात.

मचूळ पाण्याचा एक मोठा फायदा म्हणजे दाब. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि ते पडद्यातून काढण्यासाठी ५५ ते ७० बार दाब लागतो. हुएकोच्या मचूळ पाण्यात क्षारांचे प्रमाण त्याच्या अगदी लहान अंशाइतके असल्याने तेथे १० ते २० बारांच्या पट्ट्यातील दाबावर काम भागते. समुद्राच्या पाण्यापैकी साधारण ४० ते ५० टक्केच पाणी गोडे होऊन हाती येते. एल पासोमध्ये ८३ टक्के येते. हा टक्का आणखी का वाढवला जात नाही, याचे उत्तर सिलिकामध्ये आहे. पाण्यात विरघळलेली सिलिका, तसेच कॅल्शियमचे क्षार, पाणी काढत गेले की उरलेल्या पाण्यात दाट होत जातात आणि एका मर्यादेनंतर पडद्यावर थर धरतात. कॅल्शियमचा थर आम्लाने धुता येतो. सिलिकाचा थर एकदा बसला की काढणे अत्यंत अवघड असते. म्हणून पाणी आधी बारीक गाळण्यांतून जाते, थर धरू न देणारे रसायन त्यात मिसळले जाते, आणि काही टक्के पाणी आणखी काढता येत असले तरी तो मोह टाळला जातो.

उरलेल्या मिठाचा प्रश्न

आरओ क्षार नष्ट करत नाही, ते फक्त एका बाजूला गोळा करते. ८३ टक्के पाणी काढून घेतल्यावर उरलेल्या १७ टक्के पाण्यात जवळपास सगळे मीठ राहते, म्हणजे ते पाणी मूळच्यापेक्षा सुमारे सहापट खारट होते. पूर्ण क्षमतेने प्रकल्प चालला तर असे १.१ कोटी लिटरांहून अधिक पाणी रोज उरते. त्यात लिटरमागे ६ ग्रॅम क्षार धरले, तरी दिवसाला सुमारे ६८ टन मीठ कोठेतरी ठेवावे लागते. किनाऱ्यावरील प्रकल्प हे पाणी समुद्रात सोडतात. त्याचेही दुष्परिणाम आहेत, पण तेथे निदान ते सोडायला जागा असते. देशाच्या आत वसलेल्या शहराला ती सोय नाही. नदीत सोडावे, तर खाली शेती करणाऱ्यांचे पाणी खारट होते. सांडपाण्यात मिसळावे, तर ज्या शहराने सांडपाणी शुद्ध करून पुन्हा जमिनीत मुरवण्याचा मार्ग धरला आहे, त्याच्याच व्यवस्थेत ते मीठ फिरून परत येते. देशांतर्गत भागातील बहुतेक प्रकल्प या प्रश्नापाशी अडतात, आणि तंत्रज्ञानाच्या कौतुकात तो नेहमी शेवटी ढकलला जातो, याची मला खंत वाटते.

एल पासोने यासाठी अनेक पर्याय तपासले. त्यांपैकी बाष्पीभवनाच्या तलावांचा पर्याय वाळवंटात स्वाभाविक वाटतो. पण हिशेब केला की तो अवघड दिसू लागतो. अशा हवामानात तलावातून वर्षाला निव्वळ दीड-पावणेदोन मीटर पाणी उडून जाते असे धरले, तर रोजच्या १.१ कोटी लिटरांसाठी अडीच चौरस किलोमीटर किंवा त्याहून अधिक पाणपसारा लागतो. त्या संपूर्ण पसाऱ्याला खाली अभेद्य अस्तर हवे, कारण तळ गळला तर ज्या जलधराचे रक्षण करायचे त्यातच मीठ उतरेल. शिवाय साचत जाणारे मीठ काही वर्षांनी उचलावे लागते आणि त्याचे काय करायचे हा प्रश्न पुन्हा उरतोच.

शेवटी निवडला गेलेला मार्ग म्हणजे ते पाणी जमिनीत खोलवर सोडणे. त्यासाठी असा खडक हवा होता जो मुबलक पाणी सामावून घेईल, ज्यातील मूळ पाणी आधीच पिण्यालायक नसेल इतके खारट असेल, आणि ज्याच्यापासून वरच्या गोड्या जलधराला धोका पोहोचणार नाही. चाचणीसाठी विंधन विहिरी घेतल्यावर फोर्ट ब्लिसच्या ईशान्य भागात, न्यू मेक्सिकोच्या सीमेजवळ, हजार मीटरच्या आसपास खोलीवर भेगाळलेल्या डोलोमाइटचे, म्हणजे चुनखडीसारख्या खडकाचे, प्राचीन थर सापडले. त्यांतील पाण्याची क्षारता सोडायच्या पाण्यापेक्षाही जास्त होती. प्रकल्पापासून तेथपर्यंत सुमारे ३५ किलोमीटर लांबीची जलवाहिनी टाकण्यात आली, तीन विहिरी खोदण्यात आल्या, आणि राज्याच्या पर्यावरण नियामक संस्थेची परवानगी घेण्यात आली. खडकाच्या भेगा इतक्या खुल्या आहेत की पाणी दाब न देता आपल्या वजनाने खाली उतरते. वर सांगितलेल्या सिलिकाचा धोका येथेही आहे. दाट झालेले क्षार खडकाच्या भेगांत बसले तर विहीर बुजू शकते, म्हणून पाण्याचे रसायन आणि विहिरींची पातळी यांवर सतत लक्ष ठेवावे लागते.

हे सारे जमून आले त्यामागे भूगर्भाचे मोठे दान आहे, हे प्रांजळपणे मान्य करायला हवे. शहराजवळ, एकाच मालकाच्या ताब्यातील निर्जन जमिनीखाली, योग्य खोलीवर योग्य खडक मिळणे ही सर्वत्र घडणारी गोष्ट नाही.

दुष्काळासाठी राखलेली क्षमता

प्रकल्प सुरू झाल्यापासून बहुतेक वर्षांत तो पूर्ण क्षमतेपेक्षा बराच कमी चालवला गेला. यावर उधळपट्टीचा आक्षेप सहज घेता येतो. गोड्या विहिरीच्या पाण्यापेक्षा आरओचे पाणी दुपटीहून महाग पडते, नदीच्या शुद्ध केलेल्या पाण्यापेक्षाही ते महाग असते. म्हणून नदीला पाणी असते तेव्हा नदीचे पाणी वापरायचे आणि विहिरींना विश्रांती द्यायची, असे शहराचे धोरण आहे. २०१३ च्या जुलैमध्ये एलिफंट ब्यूट धरणाचा साठा क्षमतेच्या सुमारे ३ टक्क्यांपर्यंत खाली गेला आणि नदीला पाणी येण्याचा हंगाम काही आठवड्यांत संपला. त्या वर्षांमध्ये हा प्रकल्प आणि राखलेल्या विहिरी यांच्यावर भार टाकून शहराने निभावून नेले. यंत्रे वर्षातील बराच काळ हळू चालतात म्हणून ती अनावश्यक आहेत, असे म्हणणे मला पटत नाही. दुष्काळातच ज्यांची गरज पडते अशा साधनांचे मोल सरासरी वापरावरून ठरवता येत नाही. अर्थात पडदे पूर्ण बंदही ठेवता येत नाहीत. पाणी साचून राहिले की त्यांवर जिवाणूंचा थर येतो, म्हणून आळीपाळीने सर्व संच चालते ठेवावे लागतात, आणि गोड्या विहिरींचे रक्षण करणारा किमान उपसाही चालूच ठेवावा लागतो.

पुढच्या गरजेसाठी शहराने पूर्वेकडे दीडशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या डेल सिटी परिसरात जमीन घेऊन ठेवली आहे, पण तेथील पाणीही मचूळच आहे आणि ते आणण्याचा खर्च फार मोठा आहे. त्याआधीचे पाऊल म्हणून सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या पाण्यात घेणाऱ्या केंद्राचे बांधकाम २०२५ मध्ये सुरू झाले.

पूर्णा खोऱ्याच्या संदर्भात

महाराष्ट्रातील वाचकाला या प्रकरणाचा थेट संबंध दिसेल तो विदर्भातील खारपाण पट्ट्याशी. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या गाळाच्या प्रदेशात भूजल खारे आहे, आणि तेही समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. मोठ्या शहरांना धरणांचे पाणी मिळते. अकोल्याला काटेपूर्णा प्रकल्पाचा आधार आहे. गावांमध्ये मात्र लहान आरओ संच बसवले गेले आहेत. अशा लहान संचांतून घेतलेल्या पाण्यापैकी मोठा भाग रिजेक्ट, म्हणजे उरलेले खारे पाणी, म्हणून बाहेर पडतो आणि तो गटारात, नाल्यात किंवा संचाच्या मागच्या मोकळ्या जागेत सोडला गेला, तर ते मीठ पुन्हा त्याच जमिनीत उतरते. एल पासोचा मार्ग तेथे जसाच्या तसा लागू होणार नाही: पूर्णेच्या गाळाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे, आणि खारे पाणी सामावून घेणारा खोल थर तेथे आहे असे गृहीत धरता येणार नाही, तो शोधावा लागेल. पण खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या सीमा कोठे आहेत, उपशाने त्या कोणत्या दिशेने सरकत आहेत, आणि उरलेले मीठ कोठे जाणार, हे तीन प्रश्न यंत्रांच्या निविदेआधी विचारण्याचा क्रम तेथेही तितकाच लागू आहे. गावपातळीवर संचाच्या करारात रिजेक्ट पाण्याची जागा लेखी नमूद करणे, एवढे तर आजही शक्य आहे.

सीमेपलीकडचा उपसा

एल पासोच्या व्यवस्थेत एक उणीव राहिली आहे, आणि ती शहराच्या हातातली नाही. हुएको बोल्सन सीमेखालून मेक्सिकोत पसरलेला आहे आणि सियुदाद हुआरेझ पिण्याच्या पाण्यासाठी मोठ्या प्रमाणावर त्याच्यावर अवलंबून आहे. नदीच्या पाण्याबाबत दोन्ही देशांमध्ये १९०६ चा करार आहे, त्यानुसार मेक्सिकोला सामान्य वर्षात ६०,००० एकर-फूट पाणी द्यायचे असते (एक एकर-फूट म्हणजे एक एकर जमिनीवर एक फूट उंच साचेल इतके पाणी). जमिनीखालच्या पाण्याच्या वाटपाबाबत मात्र दोन देशांत करार नाही. एल पासोने आपला उपसा कमी केला तरी हुआरेझचा उपसा पाण्याचा उतार दक्षिणेकडे ओढत राहतो, आणि मचूळ पाणीही त्या ओढीने सरकते. शिवाय मचूळ पाण्याचा साठा मोठा असला तरी त्याचे पुनर्भरण जवळपास होत नाही. तो उपसणे म्हणजे जुनी पुंजी खर्च करणे आहे. दोन्ही शहरांच्या जलसंस्था आकडेवारीची देवाणघेवाण करत आल्या आहेत. विहिरींची संरक्षक फळी किती वर्षे टिकेल हे मोजताना सीमेच्या दोन्ही बाजूंचा उपसा एकाच प्रतिमानात धरावा लागतो, आणि त्यातील दक्षिणेचा अर्धा भाग एल पासोला ठरवता येत नाही.